राखणारं तेल

खंडेनवमीला मामांच्या देवघरासमोर पाट मांडला जातो. त्यावर ऊसतोडीचे कोयते, विळे, मोटर उघडायचे पाने आणि मधोमध बारा बोअरची दुनळी बंदूक असते. कुंकवाची बोटं ओढतात, झेंडू वाहतात, हळदकुंकू लावलेलं कापलं लिंबू नळीपाशी ठेवतात. जयसिंगपुरातून कृष्णेकडे निघालं की वाटेवरच्या गावांत अशी परवान्याची बंदूक असलेली घरं अजून आहेत. आजोबांच्या काळात ती रानडुकरांसाठी घेतलेली असते. आता वर्षातून एकदा पाटावर येते आणि पुन्हा कपाटात जाते.

न वापरलेली बंदूक वापरलेल्या बंदुकीपेक्षा लवकर मरते, हे मला त्या दुनळीमुळे कळलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेनं शिरोळ तालुका वेढला. २००५ चा पूर लोकांच्या लक्षात होता, पण या वेळी पाणी त्याच्याही वर चढलं. मामांनी आधी जनावरं हलवली, मग माणसं. बंदूक लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिली. परत आल्यावर कपाटातून गाळ निघाला आणि गाळातून बंदूक. मामांनी ती धुतली, उन्हात वाळवली, घरातलं शिलाई मशीनचं तेल भरपूर ओतलं आणि दस्ता खाली, नळी वर अशी भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या पावसाळ्यात बघितलं तेव्हा नळीवर तांबूस पुरळ उठलं होतं, आणि खटक्यामागचं लाकूड काळं पडून नखानं दबत होतं.

मामा म्हणाले, “तेल तर लावलं होतं की रे!”

तेल लावलं होतं, हे खरंच. पण शिलाई मशीनचं तेल पातळ, पांढरं खनिज तेल असतं. सुईच्या दांड्याला सेकंदाला अनेक फेऱ्या मारायच्या असतात, त्याला असंच सरसर पळणारं तेल लागतं. उभ्या नळीवर ते टिकत नाही, ओघळतं. मामांच्या बंदुकीत ते ओघळून खटक्यातून लाकडात उतरलं. ज्या पोलादाला हवं होतं ते उघडं पडलं आणि ज्या लाकडाला नको होतं ते भिजलं. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी एकच सांगतो: चालवणारं तेल वेगळं आणि राखणारं तेल वेगळं. डब्यावर कुणाचं नाव आहे, ते नंतर बघा.

गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे पूरच नव्हे. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरू लागतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा याच्या वरच असते. त्यात मीठ मिसळलं की काम वेगानं होतं. घामात मीठ आहे. घामट हाताच्या माणसानं नळी धरली तर दोन दिवसांत बोटांचे ठसे तांबूस उमटतात. बंदुकीवरचा निळसर काळा मुलामाही, ज्याला ब्लूइंग म्हणतात, लोखंडाचा ऑक्साईडच असतो. कारागिरानं ठरवून चढवलेला, ताब्यात ठेवलेला गंजच म्हणा. तो एकटा पोलाद वाचवत नाही. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं आणि ते तेल वाचवतं.

सगळ्यात फसवं मीठ बारातूनच येतं. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळली की पोटॅशियमचे क्षार मागे राहतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून उरणारा पदार्थ खायच्या मिठाचा सख्खा भाऊच. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यावर नुसतं तेल चोपडलं तर मीठ तेलाखाली दबून राहतं आणि आतून नळी खात बसतं. म्हणून इंग्रजांच्या फौजेत गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायची रीत होती. गरम पोलाद स्वतःच वाळतं, मग तेल. बंदुकीत पाणी घालायचं म्हटलं की आजही लोक दचकतात, पण ठासणीची नळी गरम पाण्यानंच स्वच्छ होते.

एनसीसीत आम्हाला हे शिकवलं होतं, फक्त कारण सांगितलं नव्हतं. रायफलच्या दस्त्यातल्या झाकणामागे पितळी तेलाची बाटली आणि पुलथ्रू असायचा. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी. साफ करायची चिंदी चार इंच बाय दोन इंच आणि तेलाची चिंदी चार बाय दीड. आम्ही सगळे एकाच मापाच्या चिंध्या फाडायचो आणि बोलणी खायचो. आता कळतं की साफ करायची चिंदी नळीत घट्ट जायला हवी, म्हणजे मळ ओढून आणते. तेलाची सैल हवी, नाहीतर तेल तोंडाशीच पिळून निघतं आणि आत कोरडं राहतं. तो अर्धा इंच कुणीतरी विचार करून कमी केला होता.

आता घरात काय असतं ते बघू. खोबरेल सगळ्यांच्या हाताशी. त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असल्यामुळे ते इतर खाद्यतेलांसारखं लवकर चिकट होत नाही. पण डिसेंबरात बाटलीत थिजतं तसंच ते खटक्यातही थिजतं. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा ही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन गोंदासारखी होतात, आणि खवट झाली की त्यांतली आम्लं पितळ हिरवं करतात. जवसाचं तेल तर वाळण्यासाठीच प्रसिद्ध. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला ते उत्तम, पण लोखंडी भागांत त्याचं काम नाही. रॉकेल धुवायला चांगलं, मात्र धुऊन झाल्यावर ते पोलाद उघडं सोडून जातं. नांगराच्या फाळाला फासतात ते जळकं ऑईल बंदुकीला कधीही लावू नये. त्यात इंजिनातली आम्लं आणि काजळी असते. इचलकरंजीच्या मागांवरचं स्पिंडल ऑईल शुद्ध असतं, चालत्या भागांना एखादा थेंब चालेल, पण तेही पळणाऱ्या जातीचं.

जगानं या कोड्याची उत्तरं टप्प्याटप्प्यानं शोधली. एकोणिसाव्या शतकात फौजेच्या शस्त्रागारांत रांगून ऑईल आलं, ब्रह्मदेशातल्या विहिरींचं खनिज तेल. खनिज तेल खवट होत नाही, हा त्याचा मोठा गुण. लांब साठवणीसाठी त्याच घराण्यातली मिनरल जेली, म्हणजे आपल्या व्हॅसलिनची बहीण. जर्मनीत १९०४ मध्ये बॅलिस्टॉल निघालं. ते पाण्यात मिसळलं की दुधासारखं होतं, त्यामुळे क्षार धुणं आणि तेल लावणं एका हाती होतं. १९५३ चं डब्ल्यूडी-४० मुळात क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला बनलं. त्याचं नावच पाणी हटवण्यावरून, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पुरातून निघालेल्या बंदुकीवर आधी ते मारणं अगदी योग्य, कारण ते फटींतलं पाणी बाहेर ढकलतं. पण त्याचा थर पातळ असतो, त्यावर राखणारं तेल किंवा ग्रीस चढवावंच लागतं. शिवाय असली झिरपणारी तेलं काडतुसाजवळ नेऊ नयेत, टोपीत शिरली की काडतूस फुसकं होतं.

नेमबाजांचं गणित आणखी वेगळं. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात आता पोरंपोरी एअर रायफल घेऊन क्लबला जातात. या पोरांच्या आईवडिलांना एक कळकळीनं सांगायचं आहे: हवेच्या बंदुकीत मनानं तेल ओतू नका. स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबली गेली की तापते, आणि आत तेल असेल तर डिझेल इंजिनासारखा भडका उडतो. दाबाच्या हवेची टाकी असलेल्या रायफलीत खनिज तेल गेलं तर धोका त्याहून मोठा. तिथे कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच. पॉइंट टूटूच्या रायफलीत बोल्टच्या खाचांना नखभर ग्रीस, आणि नळी मात्र नेमबाजीआधी कोरडी पुसलेली. तेलकट नळीतली पहिली गोळी इतर गोळ्यांच्या जागी पडत नाही.

परवानाधारकांची एक वेळ अशी येते जेव्हा हे सगळं एकदम कामी येतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, काही आठवडे, कधी महिने. त्या काळात कुणी हात लावणार नाही हे धरूनच तयारी करावी. जाडसर खनिज तेल किंवा ग्रीसचा पातळ हात, नळीच्या आतूनही. कापडी किंवा चामडी गिलाफात कोंबू नये; गिलाफ ओलावा पितो आणि चामड्यातले क्षार पोलादाला लागतात. परत मिळाली की ती रिकामी आहे हे आधी डोळ्यांनी बघावं, मग नळीतलं ग्रीस गजानं पूर्ण काढावं. ग्रीसनं तुंबलेल्या नळीतून बार काढला तर नळी फाटते.

मामांच्या दुनळीचा गंज परवानाधारक कारागिराकडून काढून घेतला. दुरुस्तीलाही शस्त्र कायद्यानं परवाना लागतो, शेजारच्या लेथवर ते काम देता येत नाही. त्यानं सँडपेपरला हात लावला नाही. तेलात बुडवलेल्या ब्राँझच्या लोकरीनं पुरळ हळूहळू उतरवलं आणि उरलेला मुलामा जपला. लाकडाचा कुजका भाग मात्र कापून जोड द्यावा लागला.

यंदा पूजा झाल्यावर मामांनी दिवस मावळायच्या आत लिंबू उचललं. त्या रसाचे ओघळ पोलादावर राहिले तर कुठलंच तेल पुरत नाही. ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, कोरड्यानं परत पुसलं, जाड तेलाची चिंदी नळीवरून एकदाच फिरवली. मग जुन्या धोतराचा धडपा चौघडी करून कपाटात अंथरला आणि बंदूक उलटी, नळी खाली करून ठेवली. सकाळी धडपा उचलला तर त्यावर रुपयाएवढा पिवळा डाग पडला होता. मामांनी तो मला दाखवला, धडपा उलटा केला आणि पुन्हा तिथेच ठेवला.