मास्क वाटले, पण ढगांवरचे शहर तसेच राहिले!

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञानमालिका आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६६ ते १९६९ या काळात ती अमेरिकेत प्रथम दाखवली गेली. पुढे आपल्याकडे दूरदर्शनवरही आली. निरनिराळ्या वंशांची माणसे एकाच यानात बरोबरीने काम करतात आणि उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री तिथे अधिकारपदावर बसते, हे त्या काळात मोठे धाडस होते. म्हणूनच या मालिकेचा एक भाग आम्ही परवा विहारातील रविवारच्या वर्गात मुलांना मुद्दाम दाखवला. २८ फेब्रुवारी १९६९ रोजी प्रसारित झालेल्या या भागाचे नाव 'द क्लाउड माइंडर्स'. विषय थेट आपला, आणि निराशाही तितकीच मोठी!

कथा अशी. एका ग्रहावरील वनस्पती रोगाने नष्ट होत आहेत. त्यावर उपाय असलेले झेनाइट हे खनिज फक्त आर्डाना ग्रहावर मिळते. ते आणण्यासाठी कॅप्टन कर्क आणि स्पॉक तिथे जातात. आर्डानावर ढगांत तरंगणारे स्ट्रॅटॉस नावाचे देखणे शहर आहे. तिथले लोक कलेत आणि तत्त्वचर्चेत रमलेले. खाली खाणींत मात्र ट्रॉग्लाइट नावाचे लोक पिढ्यान्पिढ्या राबतात. त्यांच्याच श्रमावर वरचे शहर उभे, पण त्या शहरात राहण्याचा हक्क त्यांना नाही.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला हवी काय?

या भागाचा पूर्वार्ध खरोखर चांगला आहे. वरच्या अधिपतीची सुशिक्षित मुलगी ड्रॉक्सीन सहजपणे सांगते की, खालच्या गुहा उबदार असतात, त्या लोकांच्या डोळ्यांना उजेडाची सवय नाही, जशी त्यांच्या मनाला तर्काची सवय नाही. तिच्या बोलण्यात राग नाही, द्वेष नाही. विषमता जेव्हा संस्कार होऊन बसते, तेव्हा ती अशीच गोड आवाजात बोलते. हिंसा संपवल्याचा टेंभा मिरवणारे हेच शहर व्हॅना या बंडखोर ट्रॉग्लाइट स्त्रीला किरणांनी छळते. पकडलेला एक कामगार चौकशीला सामोरे जाण्याऐवजी सज्जावरून खाली उडी घेऊन मरण पत्करतो.

इथवर आलेली कथा पुढे मात्र कच खाते. यानावरील डॉक्टर मॅकॉय शोध लावतात की, कच्च्या झेनाइटमधून अदृश्य वायू निघतो. त्याने माणसाची बुद्धी मंदावते आणि संताप वाढतो. झाले! उपाय सापडला. खाणकामगारांना मास्क द्या, म्हणजे ते शहाणे होतील!

आमचा आक्षेप इथेच आहे. वरचे लोक म्हणत होते की ट्रॉग्लाइट मंदबुद्धी आहेत. लेखकाने त्यांना खोडून काढले नाही, फक्त कारण बदलले. व्हॅना विचार करू शकते, कारण ती वरच्या घरात नोकर म्हणून राहिली आणि वायूपासून दूर होती, असे सुचवले जाते. म्हणजे गुलामाचा संताप हा अन्यायातून नव्हे, वायूतून आला! मग ढगांवरच्या स्वच्छ हवेत बसून माणसांना छळणाऱ्यांचा क्रूरपणा कोणत्या वायूने आला? या प्रश्नाला मालिकेकडे उत्तर नाही. अखेरीस झेनाइट मिळते, मध्यस्थीची ओझरती गोष्ट निघते आणि यान निघून जाते. ड्रॉक्सीन खाणीत जाऊन पाहीन म्हणते. पण खाण पाहायला जाणे वेगळे आणि खाणीत जन्म काढणे वेगळे. स्पॉक आणि तिच्या गोड गप्पांत वाया गेलेली मिनिटे या प्रश्नाला दिली असती तर बरे झाले असते.

मूळ कल्पना ज्यांची होती, त्या डेव्हिड गेरॉल्ड यांनाही हा वायूचा तोडगा रुचला नव्हता. १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती नाराजी नोंदवली आहे.

काळही लक्षात घ्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचरागाडीत चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार ठार झाले. त्यानंतर तेथील सफाई कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. त्यांना पाठिंबा द्यायला गेलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजी तिथेच गोळीला बळी पडले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच दूरचित्रवाणी सांगते की, मास्क द्या, प्रश्न मिटेल!

आपल्याकडेही हेच चालू आहे. गटारात गुदमरून सफाई कामगार मरतो, तेव्हा चर्चा मास्क आणि हातमोज्यांवर येऊन थांबते. साधने हवीतच, त्याशिवाय आजचा जीव वाचणार नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. पण गटारात उतरणारा माणूस ठराविक जातींतूनच का येतो, हा प्रश्न मास्क लावून सुटत नाही.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही; ती काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीवर बसवते. तेच बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये कोळसा खाणींच्या भागात गेले आणि १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्यांनी कामगाराची आजची सोयही पाहिली आणि त्याचा हक्कही मागितला. सोय म्हणजे हक्क, असा घोटाळा त्यांनी कधी केला नाही. मालिकेच्या लेखकांनी नेमका तोच केला.

भाग संपल्यावर वर्गातील सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मास्क लावल्यावर पण खाणीत तेच जाणार ना?"

पन्नास मिनिटांत त्या मालिकेला जे विचारता आले नाही, ते आमच्या लेकीने एका वाक्यात विचारले. घरी मुलांसोबत टीव्ही पाहताना कार्यक्रम चांगला की वाईट एवढ्यावर थांबू नका. वर कोण बसले आहे आणि खाली कोण उतरते आहे, हेही त्यांना विचारा.

जयभीम!