पुस्तकावरून गाणें शिकतां येतें काय ?

गाणें-बजावणें गुरुमुखानेंच घ्यावें, पुस्तकाचें तेथें काय काम, असें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानलें गेलें. हें मत सर्वस्वीं चुकीचें नव्हे. परंतु ज्या गांवीं गुरूच नाहीं, तेथील मुलांनीं काय करावें याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं. अरुणावतीकांठच्या आमच्या आर्णीसारख्या गांवीं भजनाची पेटी वाजविणारे पुष्कळ. रागाची पद्धतशीर तालीम देणारा गवई मात्र विरळा. अशा ठिकाणीं प्रश्न पुस्तक कीं गुरु असा नसतो. पुस्तक कीं कांहींच नाहीं, असा असतो.

हा प्रश्न महाराष्ट्रांतील दोन विष्णूंनीं मनावर घेतला. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. लहानपणीं फटाक्यानें दृष्टि अधू झाली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकण्याचा योग आला. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. वर्ग म्हटला कीं इयत्ता आली, इयत्ता आली कीं क्रमिक पुस्तक आलें. म्हणून त्यांनीं स्वतःची स्वरलिपि सिद्ध करून लहान लहान पुस्तकें छापलीं. त्यांच्या विद्यालयांत स्त्रियांनाहि शिक्षण मिळे. ज्या काळीं कुलीन घरांतील मुलीनें गाण्याचें नांव काढणें कठीण, त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, मुंबईंत वाळकेश्वरीं. व्यवसायानें वकील. वकिलाची चिकाटी त्यांच्या संगीतसंशोधनांतहि दिसते. ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्यांनीं त्या स्वरांसह लिहून घेतल्या. घराण्याची चीज म्हणजे घराण्याची मिळकत. ती कागदावर उतरूं देणें अनेकांच्या जिवावर येई, आणि त्यांत त्यांचें सर्वस्वीं चुकत होतें असेंहि मला वाटत नाहीं. ज्यांचें पोट त्या विद्येवर, त्यांनीं ती सांभाळूनच खर्चावी. तरी त्या संग्रहांतून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले, आणि गवयांच्या वंशजांबरोबरच नष्ट झाल्या असत्या अशा कित्येक चिजा त्यांत राहिल्या.

दोघांच्या लिपींत मोठा भेद आहे. पलुस्करांनीं मात्रा आणि तिचे अंश दाखविण्यासाठीं निरनिराळीं चिन्हें योजिलीं. लिपि अधिक सूक्ष्म, पण मुलास आणि छापखान्यासहि अवघड. भातखंड्यांच्या खुणा थोड्या. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं बिंदु, तार स्वरावर बिंदु, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्यावर बहुतेक काम भागतें. आज अधिक प्रचार याच लिपीचा आहे, याचें मला नवल वाटत नाहीं. शिक्षणांत अचूकपणापेक्षां सुबोधपणास पहिला मान द्यावा लागतो.

परंतु माझ्या मतें भातखंड्यांची खरी करामत लिपींत नसून पाठांच्या रचनेंत आहे. पहिल्या भागांत दहा थाटांचे दहा आश्रयराग घेतले आहेत. आधीं स्वरमालिका, म्हणजे शब्दांचें ओझें नाहीं. मग लक्षणगीत, ज्याचे शब्दच त्या रागाचें वर्णन सांगतात आणि चाल त्याच रागांत असते. संस्कृत शिकलेल्या वाचकांस केदारभट्टाचा वृत्तरत्नाकर आठवेल: वृत्ताचें लक्षण त्याच वृत्तांत. एक ओळ पाठ झाली कीं लक्षण आणि उदाहरण दोन्ही पदरांत.

याच्या उलट टोकाचा एक प्रकार अमेरिकेंत पाहावयास मिळतो. केंटकी प्रांतांतील बिल मन्रो (१९११–१९९६) यानें ब्लूग्रास नांवाची वादनशैली रूढ केली. तींत मँडोलिन हें प्रमुख वाद्य. त्याच्या तारांच्या चार जोड्या व्हायोलिनप्रमाणें मिळविलेल्या असतात. ही शैली शिकविणाऱ्या पुस्तकांत पुष्कळदां टॅबलेचर वापरतात: तारांच्या चार रेघा, आणि त्यांवर पडद्यांचे आंकडे. बोट कोठें ठेवावें हें तत्काळ कळतें. कोणता स्वर निघाला हें कानास कळेलच असें नाहीं. आपल्याकडे काळी-पांढरीचे आंकडे घालून गाणीं छापतात, तींहि त्याच जातीचीं. गाणाराची पट्टी बदलली कीं तो आंकडा निरुपयोगी होतो. ‘सा’ मात्र कोठेंहि धरला तरी रिषभाचें त्याच्याशीं नातें तेंच राहतें. बोटाला लवकर कळतें तें आणि कानाला उशिरां कळतें तें, यांत दुसरेंच टिकाऊ.

तेव्हां आज कोणी घरच्या मुलांसाठीं पाठ तयार करूं पाहील, तर त्यानें सरगम लिहावी, लय विलंबित ठेवावी, आणि प्रत्येक पाठाबरोबर कोणा जाणत्या गळ्याचें मुद्रण जोडावें. हल्लीं तें खिशांतल्या फोनवरहि होतें. मुलानें आधीं ऐकावें, मग म्हणावें, आणि नंतरच कागद पाहावा. कागद आधीं हातीं दिला कीं डोळे पुढें धांवतात आणि कान मागें राहतो.

कांहीं गोष्टी लिपींत येतच नाहींत. दरबारी कानड्याच्या गांधाराखालीं कोमलाची रेघ ओढतां येते. तो किती सावकाश झुलतो, हें रेघ सांगत नाहीं. पेटींत तर ते आंदोलन मुळींच निघत नाहीं, कारण तिचा प्रत्येक स्वर जागच्या जागीं खिळलेला. म्हणून दरबारीचा पाठ पेटीवर देऊं नये, गळ्यानेंच द्यावा. आणि तोहि पहिल्या वर्षीं नव्हे.