आधी खांदा, मग धनुष्य

माझ्या भाचीला कंपाउंड धनुष्यच हवं होतं, आणि त्यात तिची काही चूक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. दोघांच्याही हातात कंपाउंड. चाकं असलेलं ते धनुष्य मग आमच्या रोहणा गावातल्या पोरांनीही मोबाइलवर पाहिलं. "मामा, मले तेच पायजे."

अमरावती आम्हाला नदीपलीकडे. तिथल्या एका मैदानावर तिला घेऊन गेलो. तिथल्या प्रशिक्षक सरांनी आधी धनुष्य दाखवलंच नाही. हात पसरायला लावले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेप धरला: १५० सेंटिमीटर. त्याला अडीचने भागलं की ६०, म्हणजे ड्रॉ लेंथ, दोरी ओढायची लांबी, २४ इंचांच्या आसपास. मग तिच्या हाती एक हलकं लाकडी रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं धनुष्य, दिलं. "हनुवटीपर्यंत ओढ अन् थांब. सोडायची नाही दोरी, बाण नसताना कधीच नाही."

पोरगी बघत होती समोरच्या टार्गेटकडे, मी तिच्या बोटांकडे. सर मात्र तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. पहिले काही क्षण खांदा जागेवर होता. मग तो हळूहळू कानाकडे सरकायला लागला, मान आखडली, कोपर खाली आलं. "बस्स, उतरव." एवढ्यात परीक्षा संपली होती. सरांनी धनुष्याला त्याहून हलक्या पात्या, म्हणजे लिम्ब, लावल्या. या वेळी खांदा हलला नाही.

या पात्यांवर जे पाउंड लिहिलेले असतात ते २८ इंच ओढल्यावरचे. अशा हलक्या धनुष्यात एक इंच कमी ओढलं की साधारण एक-दीड पाउंड कमी भरतात. म्हणून १८ पाउंडांचं धनुष्य तिच्या हातात बारा-तेराच्या आसपास येतं. छापील आकडा वाचून मोठं धनुष्य उचलणाऱ्या बापांना हे कुणीतरी सांगायला हवं.

कंपाउंडचं गणित वेगळं. टोकांच्या कॅममुळे, म्हणजे त्या चाकांमुळे, पूर्ण ओढल्यावर वजन एकदम उतरतं. ५० पाउंडांतले दहा-पंधराच धरून ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण ड्रॉ लेंथ यंत्रातच बसवलेली असते आणि तेरा वर्षांची पोर दर वर्षी वाढते. त्यात चांगल्या सेटची किंमत लाखाच्या घरात. दुसऱ्या टोकाला इंडियन राउंड या देशी प्रकारातलं बांबूचं धनुष्य, ना साईट, ना स्टॅबिलायझर. ते काही हजारांत येतं, आणि खेड्यातल्या मुलांनी त्यावरच सुरुवात करावी असं अनेकांचं मत. मला ते पूर्ण पटत नाही. नेम शिकवायला ते उत्तमच, पण पोरीची ताकद वाढली की अख्खं धनुष्य बदलावं लागतं. टेकडाउन रिकर्व्हचं मधलं हँडल तेच राहतं, बदलतात फक्त पात्या.

मला जास्त काळजी होती ती बाणामागच्या जागेची. रोहण्यात रेंज नाही. आहे ते शेत, आणि मागे धुऱ्यावरून येणारी-जाणारी माणसं. मोठ्यांच्या कंपाउंडचा बाण सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास सुटतो, त्याला पऱ्हाट्यांचा भारा काय अडवणार! हलक्या रिकर्व्हला दहा मीटरवर जाड फोम आणि मागे मातीचा बांध पुरतो.

भाचीचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड होता: "पण ऑलिम्पिक?" गेली अनेक दशकं तिथे रिकर्व्हच चाललं. साताऱ्याचा प्रवीण जाधव टोकियोला खेळला तोही रिकर्व्हवरच. २०२८ च्या लॉस एंजेलिसला मात्र कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे. म्हणजे दार उघडं आहे, आणि त्या दारापर्यंत जायला तिच्याकडे भरपूर वर्षं आहेत.

१६ पाउंडांचं रिकर्व्ह ठरलं. पुढच्या पात्या कधी, ते तिचा खांदा सांगेल. तेव्हा बाणही नवे घ्यावे लागतील, कारण पाउंडेज वाढलं की जुन्या बाणाचा कडकपणा जुळत नाही आणि तो तिरका जातो. हा खर्च दुकानदार पहिल्या दिवशी सांगत नाही, सरांनी सांगितला.