भिंतीला पोट येते तेव्हा

गवंड्याने ओळंबा सोडला आणि भिंतीचा मधला भाग दोन बोटे बाहेर दिसला, की तो एवढेच म्हणतो, "भिंतीला पोट आलंय." घरमालकाला पुढचा प्रश्न खर्चाचा पडतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: भिंतीच्या मागून तिला ढकलतेय कोण?

उदाहरणाला इंदापूर तालुक्यातली वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द ही गावे घेऊ. शेजारचा बारामती तालुका धरला, तर हा सगळा पट्टा अवर्षणाचा. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा कोरड्या मुलखात पाण्याच्या दाबाने भिंती फुगतात हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण जमिनीखालच्या भिंतींची बहुतेक दुखणी पाणी आणि माती यांच्या संगनमतातून येतात, आणि इथे दोन्ही हजर आहेत. पाऊस कमी असला तरी कालवा आहे, ऊस आहे, आणि पायाखाली काळीभोर जमीन आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. पापुद्र्यावर पापुद्रा अशी त्याची रचना. पाणी मिळाले की ते या पापुद्र्यांत शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेले की आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही उघडझाप जमिनीच्या वरच्या तीन-साडेतीन मीटर थरात चालते. नेमक्या याच थरात घराचा पाया असतो, तळघराची भिंत असते आणि पाण्याची जमिनीतली टाकीही असते. उन्हाळ्यात भिंत आणि माती यांच्यामध्ये फट पडते, तिच्यात वरून माती-खडे घसरतात. पावसाळ्यात माती फुगते तेव्हा तिला आधीची जागा उरलेली नसते, म्हणून ती भिंतीला रेटते. हा रेटा वर्षागणिक साठत जातो.

पाण्याचा रेटा वेगळा, आणि तो आकड्यांत मांडता येतो. तीन मीटर उंचीची भिंत आहे आणि तिच्यामागे पाण्याचा निचरा होणारा कोरडा मुरूम आहे असे धरू. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर मागून सुमारे पावणेतीन टनांचा आडवा भार येतो. तीच माती पाण्याने काठोकाठ भरली, तर भार पावणेसहा टनांच्या घरात जातो. म्हणजे दहा मीटर लांब भिंतीवर साडेसत्तावीस टनांच्या जागी सत्तावन्न-अठ्ठावन्न टन. भिंत तीच, माती तीच. फक्त पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. फुगणाऱ्या मातीचा दाब यात धरलेलाच नाही.

हे पाणी येते कुठून, याचे या भागातले उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. भाटघरच्या धरणाच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या माळावर बागायत आली. पाठोपाठ जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढली आणि सखल रानात क्षार पृष्ठभागावर फुटू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. रानात फुटणारा खार घरांनाही सोडत नाही. जोत्याच्या वर हात-दोन हात ओल चढते, गिलावा पापुद्रे टाकतो, विटांची भुकटी पडते. मागून रेटा आणि आतून कुजणे अशा दुहेरी माराने भिंत हळूहळू दुबळी होते.

जुन्या गावांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. गाव वसायचे ते पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर. काळी होती ती पिकासाठी. धान्याची पेवेही शक्यतो घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात खोदली जात. आज जागेची टंचाई आणि रस्त्यालगतच्या प्लॉटचा भाव यांमुळे घरे, गाळे, मंगल कार्यालये सर्रास काळ्या रानात उभी राहतात. तालुक्याच्या गावी व्यापारी इमारतींना तळघरातले पार्किंग किंवा गोदाम हवे असते. उतारावरच्या प्लॉटला भराव आणि संरक्षक भिंत लागते. या सगळ्या भिंती अखेर एकच काम करतात: एका बाजूची माती दुसऱ्या बाजूला येऊ द्यायची नाही.

जुन्या घरांची भिंत फुगते तिचे कारण मात्र निराळे. दगड-मातीची दोन-अडीच फूट जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती खरे तर दोन भिंतींची जोडी असते. आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये डबर आणि माती. दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड घातलेले नसले, तर पाणी मुरून मधला भराव खाली बसतो आणि बाहेरचा थर सुटून पुढे येतो. वर माळवदाचे कित्येक टनांचे ओझे असतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली.

त्या भूकंपानंतर महाराष्ट्रात भिंतदुरुस्तीचा फार मोठा सरकारी प्रयोग झाला. बावन्न गावे नव्या जागी हलवली, हे सर्वांना आठवते. त्याच कार्यक्रमात तडे गेलेल्या आणि फुगलेल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे ठरले, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. त्यासाठी घरटी सतरा हजार रुपयांचे साहाय्य ठरले होते. पद्धत सोपी होती. भिंतीतून एक-एक दगड हलक्या हाताने सुटा करून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. सुटलेले दोन थर पुन्हा एकत्र बांधले जातात. नव्या दगडी भिंतीसाठी भारतीय मानक सांगते, की आरपार दगड आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर आणि उभ्या अंतरात ६० सेंटिमीटरवर हवेत. पोट फार सुटले असेल तर मात्र जागेवर बांधणे पुरत नाही. छताला धिरे देऊन तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो.

मातीला अडवणारी भिंत कोसळते तेव्हा काय होते, हे २०१९ च्या पावसाळ्याने दाखवले. २९ जूनच्या पहाटे पुण्यात कोंढव्यात एका गृहसंकुलाची कुंपणभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर पडून पंधरा जणांचा जीव गेला. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा भागात टेकडीवरची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली. बळींची संख्या तिसाच्या आसपास गेली. दोन्हीकडे वेळ मुसळधार पावसाची होती.

म्हणून आधी निदान. तडा कसा गेला आहे, यावर बरेच कळते. भिंतीच्या साधारण मध्यावर आडवा तडा आणि तिथेच फुगवटा असेल, तर मागून माती किंवा पाणी रेटते आहे. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढत गेलेला तडा पायाची एक बाजू खचल्याचे सांगतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे. तड्यावर सिमेंटची छोटी पट्टी लावून तिच्यावर तारीख घालायची. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडून दर फुटावर अंतर मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात. दोन मापांतला फरक इंजिनिअरला घरमालकाच्या तासभर बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

खर्चाची पहिली पायरी भिंतीला हातही न लावता चढता येते. छताचे पाणी पन्हाळीने भिंतीपासून लांब न्यायचे. शोषखड्डा भिंतीला खेटून असेल तर हलवायचा. गळकी टाकी, न्हाणीघराचे फुटके पाइप दुरुस्त करायचे. घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराची फरशी करायची. शेजारी उसाचे पाट असतील तर घराच्या बाजूचा निदान एक पाट बंद करायचा. संरक्षक भिंतीतली पाणी जाण्याची भोके बुजली असतील तर मोकळी करायची, नसतील तर पाडून घ्यायची. हे सगळे काही हजारांत होते, आणि फुगवटा अजून बोटभर असेल तर पुष्कळदा एवढ्यावर तो थांबतो.

त्यापुढची पायरी लाखांत जाते. तळघराची दहा मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत उदाहरणाला घेऊ. बाहेरून मीटरभर रुंदीचा चर पूर्ण खोलीपर्यंत काढायचा तर तीस घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रास माती निघते. काळी माती उभी राहत नसल्याने प्रत्यक्षात बाजूला उतार द्यावा लागतो आणि खोदाई आणखी वाढते. आतून सहा इंच जाडीची नवी आर.सी.सी. भिंत उभी करायची तर साडेचार घनमीटर काँक्रीट आणि चार-साडेचार क्विंटल लोखंड लागते. किलोला साठ रुपयांच्या आसपास भाव धरला तरी नुसते लोखंडच चोवीस-सत्तावीस हजारांचे. त्यात काँक्रीट, सेंट्रिंग, नव्या भिंतीचा पाया, जेसीबी, बाहेरचे वॉटरप्रूफिंग, निचऱ्याची खडी आणि मजुरी मिळवली, की ढोबळ हिशेब दीड लाखाच्या पुढे सरकतो. तुलनेला, प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या ग्रामीण भागात अख्ख्या घरकुलाला मिळणारे मूळ अनुदान एक लाख वीस हजार रुपये आहे. भिंत पाडून नव्याने बांधायची वेळ आली तर वरच्या मजल्याला टेकू देण्याचा खर्च वेगळा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे दुखणे जास्त ओळखीचे असते. कडाक्याच्या थंडीत गोठणाऱ्या थराच्या खाली पाया न्यावा लागतो, म्हणून तिकडच्या थंड प्रांतांत घराखाली बहुधा बेसमेंट असते. पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंती आत झुकल्या, की फुगवटा दोन इंचांच्या आत असेल तर त्यावर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवतात. त्याहून जास्त असेल तर आतून लोखंडी तुळया उभ्या करतात किंवा बाहेरच्या जमिनीत नांगर रोवून भिंत सळईने मागे ओढतात. नांगराला बाहेर मोकळी जागा लागते. आपल्याकडच्या भिंतीला भिंत लागलेल्या प्लॉटवर ती शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल. खर्च तिथेही काही हजार डॉलरपासून सुरू होतो. फुगणाऱ्या मातीमुळे अमेरिकेत दरवर्षी २३० कोटी डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज जोन्स आणि होल्ट्झ या अभियंत्यांनी १९७३ सालीच मांडला होता.

हा खर्च दुसरे कोणी उचलते का? घराच्या विम्यातून आशा थोडीच. एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी भूकंप, पूर, जमीन खचणे आणि दरड यांना संरक्षण देते. पण नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे आणि तडे, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष रचना किंवा कारागिरी या गोष्टी ती वगळते, आणि फुगलेल्या भिंतीची कारणे बहुधा याच यादीत सापडतात. बिल्डरकडून घेतलेल्या घराचे मात्र वेगळे आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतला दोष दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते. स्वतः जागा घेऊन गवंड्याकडून घर बांधणाऱ्याला, म्हणजे खेड्यातल्या बहुतेकांना, हे कवच नाही.

नव्याने बांधणाऱ्याच्या हाती मात्र बरेच काही आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले; ते हालणाऱ्या थराच्या खाली घट्ट धरून बसतात. आय.आय.टी. मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी दाखवले, की काळी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून बसवला तर फुगण्याचा जोर बांधकामापर्यंत पोचत नाही. ही पद्धत काळ्या रानातल्या कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी वापरली गेली. घराला एवढा खटाटोप नको असेल, तरी चरात काढलेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम भरणे, भिंतीला लागून फूटभर रुंदीची खडी आणि तळाशी भोकांचा पाइप टाकणे हे कोणत्याही गवंड्याला जमते. दहा मीटरच्या त्याच भिंतीला तीन-सव्वातीन ब्रास खडी लागते, आणि पाइपासकट हे काम बांधतानाच केले तर पंधरा-वीस हजारांत उरकते.