मे महिन्यात जुना ट्रॅक्टर का उकळतो?

गावात कोणी विचारलं, "पीएच.डी. कशावर करून राहिला बाबू?" की मी एका शब्दात सांगतो, "खारावर." आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. त्यामुळे पुढचं फारसं समजावून सांगावं लागत नाही. पाणी तापवलं की भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच थर यंत्रांच्या गरम भागांवर बसला की उष्णता कशी अडते, हा माझा अभ्यास. याला 'फाउलिंग' म्हणतात. आज ते काकांच्या ट्रॅक्टरवरून समजून घेऊ.

ट्रॅक्टर आहे बी-275, साधारण 35 अश्वशक्तीचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, त्या काळातलं हे मॉडेल. आमच्या आजोबांनी तो जुनाच घेतला होता. गेल्या मे महिन्यात नांगरटीला अर्धा तास झाला की रेडिएटर उकळायचा. जानेवारीत मात्र हाच ट्रॅक्टर दिवसभर चालला होता. मेकॅनिकने निकाल दिला, "इंजिन खोलाच लागते." काकांनी त्यासाठी घरात ठेवलेली तूर विकायची तयारी केली. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

आधी उष्णतेचा हिशेब बघा. डिझेलमधून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश धुरासोबत जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याला बाहेर काढावी लागते. पूर्ण भारावर हे काम साधारण 20 ते 25 किलोवॉटचं आहे, म्हणजे घरातले दहा-बारा गिझर एकदम चालू असल्यासारखं. रेडिएटरची ताकद त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. रेडिएटर 90 अंशांवर आणि थंडीतली हवा 20 वर असेल, तर फरक 70. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा 45 ला गेला की फरक उरतो 45. म्हणजे ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली. थंडीत लपलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे.

आता खार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते घट्ट होऊन चिकटतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं आहे. त्यामुळे थर नेमका सर्वात गरम जागी, सिलिंडर आणि हेडभोवती बसतो. जिथून उष्णता निघायला पाहिजे, तिथेच. हा थर बिडापेक्षा निदान 25 पट कमी उष्णता वाहतो. म्हणजे एक मिलिमीटर खार बसला, तर सिलिंडरभोवती एक इंच जाड जास्तीचं बीड ओतल्यासारखं झालं.

शिवाय वाफ उडते ती फक्त पाण्याची, क्षार आतच राहतात. समजा एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार आहेत आणि तुम्ही हंगामात रोज एक लिटर पाणी वर टाकता. शंभर दिवसांत शंभर ग्रॅम क्षार आत गेले. आमच्याकडे घरात प्यायला आरओची कॅन येते, ट्रॅक्टरला मात्र बोअरचं पाणी. काका म्हणाले, "त्याले काय चव समजते?"

पण खारच दोषी, असं आधीच धरून चालू नका. स्वस्तातलं आधी तपासा:

1. रेडिएटरच्या जाळीत भुसा, कुटार, धूळ अडकली आहे का? आतून बाहेर हवा मारा.
2. इंजिन बंद असताना फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबा. अर्ध्या इंचाहून बराच जास्त दबत असेल, तर तो सैल आहे.
3. थंड इंजिनचं झाकण काढून ट्रॅक्टर चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडचा दोष धरा. मग मेकॅनिकचं ऐका.
4. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा. तो काढून फेकू नका. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो.

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. वाफेने चेहरा भाजतो.

आमच्याकडे हे चारही ठीक निघालं. मग प्रयोगशाळेतली तापमान मोजायची बंदूक रेडिएटरवर धरली. मधल्या काही नळ्या आजूबाजूच्यांपेक्षा बऱ्याच थंड. म्हणजे त्यांतून पाणी फिरतच नव्हतं. ब्लॉकच्या खालचा कॉक उघडला तर थेंबही येईना. तार घातल्यावर तांबडा-पांढरा गाळ पडला. बरेच जण फक्त रेडिएटरचा कॉक उघडतात आणि हा विसरतात.

उपाय किराणा दुकानात मिळतो: लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दहा लिटर पाण्याला 200 ग्रॅम. थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता काढून, हे पाणी भरून इंजिन बिनभाराचं अर्धा तास चालवलं, कोमट झाल्यावर सोडलं, साध्या पाण्याने धुतलं. असं दोनदा केलं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतलं. संडास धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. ते लोखंड आणि रेडिएटरचे डाग दोन्ही खातं.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर गळायला लागला. काका माझ्याकडे बघत राहिले. खरं असं होतं की जुनं भोक खारानेच बुजवलेलं होतं, आणि मी तो खार काढला. ही शक्यता मी आधी सांगायला पाहिजे होती, म्हणून तुम्हाला सांगतो. डाग मारून आणला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं, थर्मोस्टॅट परत बसवला. त्यानंतर भर दुपारी तीन तास नांगरटी झाली आणि पाणी उकळलं नाही.

इंजिन जुनं आहे, कधीतरी ते खोलावं लागेलच. पण या वर्षी तूर घरात राहिली. आता पावसाळ्यात टिनाच्या छतावरचं पहिले दोन-तीन पाऊस सोडून नंतरचं पाणी काका गाळून कॅनमध्ये भरून ठेवतात. कॅनवर खडूने लिहिलंय: ट्रॅक्टरचं.