बटणावर चालणारं धुकं

टोकियोच्या शिबुया भागातल्या दोन बागांमध्ये २०२० साली सार्वजनिक स्वच्छतागृहं उभी राहिली आणि त्यांच्या भिंती चक्क काचेच्या होत्या. रंगीत, पण आरपार दिसणाऱ्या. रस्त्यानं जाणाऱ्याला आतलं कमोड, बेसिन, सगळं लख्ख दिसे. वास्तुरचनाकार शिगेरू बान यांचा हिशेब सरळ होता. अशा ठिकाणी शिरताना माणसाच्या मनात दोनच धास्त्या असतात: आत घाण तर नाही ना, आणि आत कुणी दडून तर बसलेलं नाही ना? दोन्हींची उत्तरं दार उघडण्याआधीच मिळावीत. मग आत जायचं, कडी लावायची, की भिंती धूसर. विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’ या २०२३च्या चित्रपटात ही जागा दिसते. तिथला सफाई कामगार एका परदेशी पाहुणीला कडीची ही गंमत करून दाखवतो.

खरी गंमत मात्र पुढेच आहे. कडी लावल्यावर काचेत वीज सुरू होत नाही, बंद होते. आरपार दिसण्यासाठी वीज लागते. लपवण्यासाठी काहीच लागत नाही. बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा असतो. आपल्याला वाटतं, बटण दाबलं की काचेवर काहीतरी ‘चढत’ असणार, एखादा अदृश्य पडदा. प्रत्यक्षात धूसरपणा हीच या काचेची मूळ स्थिती आहे आणि पारदर्शकपणा हा विजेनं तात्पुरता घडवून आणलेला चमत्कार आहे.

तो कसा घडतो, हे समजायला बटाटेवड्याचा कागद पुरे. कोरडा कागद पांढरा आणि अपारदर्शक असतो. त्यावर तेल उतरलं की तेवढ्या भागातून मागची छपाई दिसायला लागते. तेलानं कागदातलं काही काढून नेलेलं नसतं. कागदाचे तंतू मुळात बऱ्यापैकी पारदर्शकच असतात. पण तंतूंमध्ये हवा असते, आणि तंतूतून हवेत, हवेतून तंतूत जाताना प्रकाशाचा किरण दर खेपेला वळतो. हजार वेळा वळलेल्या प्रकाशात चित्र उरत नाही, नुसता पांढरेपणा उरतो. तेल त्या हवेची जागा घेतं. तेलाचा आणि तंतूंचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळेल ते सांगणारा आकडा) जवळजवळ सारखा असल्यामुळे किरणाला मधल्या सीमा जाणवतच नाहीत आणि तो सरळ निघून जातो. आता असं तेल हवं, जे हुकूम दिला की कागदाशी जुळेल आणि हुकूम काढून घेतला की जुळणं सोडून देईल. या काचेत तेच भरलेलं असतं.

त्या द्रवाची ओळख माणसाला झाली ती गाजरामुळे. प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर १८८८ साली गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांवर काम करत होते. त्यांतला एक पदार्थ दोनदा वितळला! १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी निवळून द्रव नितळ झाला. शुद्ध पदार्थानं असं वागणं तेव्हाच्या रसायनशास्त्रात बसत नव्हतं. राइनित्झर यांनी जर्मनीतले भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांना पत्र लिहून मदत मागितली, आणि त्यातून ‘द्रव स्फटिक’ ही पदार्थाची नवीच अवस्था पुढे आली. द्रवासारखी वाहणारी, पण आतले लांबट रेणू एका दिशेनं रांगेत राहू पाहणारे. (या क्षेत्रात आपलाही मोठा हातभार आहे: थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले.) तो ‘गढूळ’ शब्द लक्षात ठेवा. शंभर वर्षं जी गोष्ट कुतूहलाची होती, तीच पुढे विकाऊ माल झाली.

१९८०च्या दशकात अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी, आणि ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विल्यम डोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, द्रव स्फटिकांचे सूक्ष्म थेंब प्लास्टिकमध्ये कोंडण्याच्या वाटा शोधल्या. केंटची रीत विलक्षण सुंदर आहे. द्रव स्फटिक आणि पातळ चिकट रसायन एकत्र ढवळतात. मिश्रण एकजीव, नितळ असतं. मग त्यावर अतिनील प्रकाश टाकतात. रसायन घट्ट होऊ लागतं, त्यात द्रव स्फटिकाला जागा उरत नाही आणि तो आपोआप थेंब होऊन वेगळा पडतो. थेंब कुणी एकेक करून भरत नाही. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे, साधारण एक ते काही मायक्रॉनचे असंख्य थेंब त्या थरात जागच्या जागी जन्मतात, आणि नितळ थर डोळ्यांदेखत पांढरा होतो.

हा थर केसाहून पातळ. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची फिल्म, आणि तिच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा अतिसूक्ष्म लेप. वीज वाहून नेणारा, तरी पारदर्शक. तुमच्या मोबाइलच्या पडद्यातही हाच लेप असतो. वीज नसताना प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून असतात. थेंबांचा अपवर्तनांक भोवतालच्या प्लास्टिकशी जुळत नाही, प्रकाश विखुरतो. साठेक व्होल्टची एसी वीज दिली की सगळे रेणू काचेच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहतात. त्या दिशेनं त्यांचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास येतो, प्लास्टिकचाही तेवढाच असतो, आणि थेंब दिसेनासे होतात. ते तिथंच असतात. प्रकाशाला त्यांचा पत्ता लागत नाही, इतकंच.

साठ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण वीस मायक्रॉनच्या थरावर ते दिले की विद्युतक्षेत्र मीटरला तीस लाख व्होल्ट इतकं होतं. हवेत ठिणगी पडते ती साधारण याच तीव्रतेला! आणि तरीही खर्च नगण्य, कारण प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. चौरस मीटरला साधारण पाच वॉट धरा. दोन चौरस मीटरची काच रोज दहा तास पारदर्शक ठेवली तर महिन्याला तीन युनिट. वीजबिलाच्या भीतीनं ही काच नाकारण्यात अर्थ नाही. नाकारायची तर दुसरी चांगली कारणं आहेत.

ती बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात आणि फायदेही तिथूनच निघतात. ही काच प्रकाश अडवत नाही, फक्त विखुरते.

फायदे आधी घेऊ. धूसर झाली तरी खोली अंधारत नाही, म्हणून आतल्या भागातल्या केबिनला, डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीला दिवसाचा उजेड मिळत राहतो. अतिदक्षता विभागात तर मला हिची जागा पक्की वाटते. तिथे नर्सला बाहेरून रुग्ण दिसायला हवा, आणि अंग पुसताना, कपडे बदलताना दिसायला नको. कापडी पडद्यात धूळ आणि जंतू साठतात, तो सारखा धुवावा लागतो. काच पुसली की झालं. जर्मनीच्या आयसीई-३ गाड्यांत चालकामागे काचेची भिंत आहे. मागे बसलेल्या प्रवाशांना चालकाच्या खांद्यावरून समोर धावणारे रूळ दिसतात, आणि चालकाला नको असेल तेव्हा एका बटणावर ती भिंत दुधाळ होते. वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या संस्थेनं २००१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘प्राडा’चं दुकान सजवलं, तेव्हा कपडे घालून बघण्याच्या खोल्यांना अशीच काच लावली. मला यातलं धाडस आवडतं, पण त्या खोलीत कपडे बदलायला मला नक्कीच अवघडल्यासारखं होईल.

का, ते पाहा. या फिल्मचा तुकडा हातात मिळाला तर वीज न देता त्यामागे छापील कागद अगदी टेकवून धरा. अक्षरं वाचता येतात. कागद वीतभर मागे न्या, अक्षरं विरून जातात. वस्तू काचेच्या जितकी जवळ, तितकी ती कमी पुसली जाते. म्हणजे रात्री मागे दिवा असताना काचेला लागून उभ्या असलेल्या माणसाची आकृती बाहेर उमटते. टेकवलेला हात तर बोटांसकट दिसतो. हल्ली हॉटेलांत झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये अशी काच बसवायची टूम आहे. तिथे दिवा कुठे आणि शॉवर कुठे, यावर तुमची अब्रू अवलंबून. आवाजाचं तर नावच नको. केबिनची काच धूसर केली की आतली माणसं मोकळेपणानं बोलू लागतात, आणि बाहेर बसलेल्यांना शब्दन्‌शब्द ऐकू जातो.

पारदर्शक असतानाही ती साध्या काचेइतकी नितळ नसते. समोरून बघा, ठीक. तिरप्या नजरेनं बघा, दुधी झाक दिसेल. उभे राहिलेले रेणू फक्त सरळ येणाऱ्या प्रकाशाशी जुळतात. तिरप्या किरणाला तेच रेणू बाजूनं भेटतात आणि त्यांचा अपवर्तनांक वेगळा पडतो. समोर समुद्र असलेल्या खिडकीला ही फिल्म लावणं म्हणजे समुद्रावर कायमची पुसटशी साय धरून घेणं.

उन्हाचंही तेच. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन धूसर काच सगळ्या खोलीत पसरवते; ताप फारसा कमी होत नाही. उलट काच फार तापली तर आणखी एक गोष्ट घडते. राइनित्झर यांचा तो पदार्थ वरच्या तापमानाला निवळला होता ना? फिल्ममधल्या द्रव स्फटिकालाही असं एक तापमान असतं. ते ओलांडलं की रेणूंची रांग मोडते, अपवर्तनांकातली तफावत घटते आणि वीज नसतानाही धूसरपणा विरळ होतो. थंडीचा त्रास वेगळा. गारठ्यात द्रव दाटतो, रेणू मूळ जागी परतायला वेळ घेतात. टोकियोच्या त्या स्वच्छतागृहांत हिवाळ्यात हेच झालं: कडी लावली तरी काच धूसर व्हायला वेळ लागू लागला, आणि शेवटी काच सतत धूसर ठेवण्याची पाळी आली. एवढ्या गाजलेल्या कल्पनेला हरवलं ते दाटलेल्या थेंबांनी.

ऊन अडवायचं असेल तर याच काचेच्या चुलत भावंडांकडे वळावं लागतं. एअर इंडियाच्या ड्रीमलायनर विमानात खिडकीखालचं बटण दाबल्यावर काच हळूहळू निळसर-काळी होते, ती रासायनिक बदलानं प्रकाश शोषून घेते. आणखी एका जातीत द्रवात तरंगणारे काडीसारखे सूक्ष्म कण असतात. त्यांचा मूळपुरुष १८५२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये सापडला: क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात हेरापाथ नावाच्या डॉक्टरांच्या शिष्यानं आयोडीन टाकलं आणि हिरवे स्फटिक चमकले. काचेचा इतिहास कुठून कुठून फिरून येतो!

गाडीच्या काचांना अशी फिल्म लावायचा मोह अनेकांना होतो. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा आदेश आठवावा. नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून काळ्या फिल्मवर बंदी आली. मला स्वतःला रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत, वीज गेल्यावर आंधळी होणारी काच नकोच वाटते.

घरात लावायची तर दोन प्रकार मिळतात. एकात थर दोन काचांमध्ये पक्का दाबलेला असतो. महाग, पण टिकाऊ. दुसरी चिकटवायची फिल्म. स्वस्त, आणि सगळी दुखणी तिच्या कडेला. तिथंच तांब्याची पट्टी, तिथंच वायर, आणि तिथूनच ओल आत शिरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही कड नीट बंद नसेल तर काठाकाठानं फिल्म उसवायला लागते. कड भरायला आंबूस वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, त्यातलं आम्ल थर खराब करतं. न्यूट्रल सिलिकॉनच मागा. सरकती खिडकी असेल तर वायर कुठून न्यायची, हा प्रश्न काचवाल्याला पैसे देण्याआधी विचारा. ट्रान्सफॉर्मर त्याच फिल्मसाठीचा हवा. डीसी वीज दिली तर थरातले आयन एका बाजूला सरकून साठतात आणि फिल्म निकामी होते.

घेण्यापूर्वी नमुना मागून चार गोष्टी करून बघा. वीज सुरू असताना तिरपं बघा. वीज बंद करून मागे दिवा लावा आणि माणूस उभा करा. तुकडा उन्हात तापवा. आणि वीज जाते तेव्हा काच धूसरच होते ना, हे खात्रीनं विचारा, कारण हल्ली उलट्या जातीच्याही फिल्म निघाल्या आहेत, ज्या वीज गेल्यावर पारदर्शक होतात. रुग्णालयासाठी, दवाखान्यासाठी, आतल्या केबिनसाठी ही काच जरूर घ्या. झोपायच्या खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीला मात्र जाड कापडी पडदा अजूनही तिच्याहून सरस आहे, आणि पुष्कळ स्वस्तही.