अँकीड्रॉइडमध्ये जेश्चर आणि प्रगत सेटिंग्ज कशी लावावीत

या टिपणाची उद्दिष्टे

हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :
- अँकीड्रॉइडमधल्या चार उत्तर-बटणांचा कार्डाच्या पुढच्या तारखेवर काय परिणाम होतो ते सांगणे.
- स्वाइप आणि टॅप यांना स्वतःच्या सोयीने, पण चूक होणार नाही अशा रीतीने, आज्ञा नेमून देणे.
- रोजची मर्यादा, दिवसाची सुरुवात, एफएसआरएस आणि बॅकअप ही सेटिंग्ज समजून बदलणे.

१. प्रस्तावना

अँकी हा फ्लॅशकार्डांचा प्रोग्राम २००६ साली आला. अँकीड्रॉइड हे त्याचे अँड्रॉइड फोनवरचे रूप. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि इंटरनेट नसतानाही चालते. कार्ड तुम्हाला आठवते की नाही, यावरून ते पुन्हा कधी दाखवायचे हे अ‍ॅप ठरवते. पिओत्र वोझ्निएक यांनी १९८७ मध्ये मांडलेली एसएम-२ ही पद्धत या गणिताचा मूळ आधार आहे.

मी ग्रेटर नोएडातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तिसऱ्या सत्रातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आली : "सर, रोज दीडशे कार्डे करते, एक दिवसही चुकवला नाही. तरी चाचणीत सूत्रे आठवली नाहीत." मेहनतीत कसर नव्हती, म्हणून तिचा फोन पाहिला. डावीकडे स्वाइप म्हणजे 'हार्ड', उजवीकडे स्वाइप म्हणजे 'गुड' अशी तिची मांडणी होती. 'अगेन'ला कोणतीच खूण दिलेली नव्हती. कार्ड आठवले नाही की ती डावीकडे स्वाइप करी. म्हणजे "मी विसरले" असे तिने अ‍ॅपला कधी सांगितलेच नव्हते.

या टिपणाचा मुख्य मुद्दा हाच आहे. जेश्चरची निवड ही केवळ हाताच्या सोयीची बाब नाही. तुमचा प्रत्येक स्वाइप हे एक मापन आहे. संवेदक चुकीचा जोडला तर नियंत्रक कितीही चांगला असला तरी निकाल चुकतो, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२. चार बटणे नेमके काय करतात?

समजा, एका कार्डाचे अंतर १० दिवसांचे आहे, त्याचा सुलभता-गुणक २.५ आहे आणि ते आज वेळेवर समोर आले आहे. जुन्या, म्हणजे एसएम-२ वर आधारलेल्या पद्धतीत मूळ सेटिंग्ज ठेवल्यास साधारण असे घडते :

- अगेन : कार्ड १० मिनिटांनी पुन्हा येते, तेव्हा आठवले तर पुढचे अंतर १ दिवस. गुणक ०.२० ने घटतो.
- हार्ड : अंतर १.२ पट, म्हणजे १२ दिवस. गुणक ०.१५ ने घटतो.
- गुड : अंतर २.५ पट, म्हणजे २५ दिवस. गुणक तोच राहतो.
- ईझी : २५ च्या १.३ पट, म्हणजे ३२-३३ दिवस. गुणक ०.१५ ने वाढतो.

एकाच दिवशी कार्डांची गर्दी होऊ नये म्हणून अ‍ॅप या आकड्यांत काही दिवसांचा फरक करते. त्याचा येथे विचार केलेला नाही.

आता 'हार्ड'कडे पुन्हा पाहा. अंतर कमी होत नाही, वाढते. 'हार्ड'चा अर्थ "आठवले, पण कष्टाने" असा आहे. विसरलेल्या कार्डाला तीनदा 'हार्ड' दिले, तर अंतर १२, मग १४, मग १७ दिवस होते. म्हणजे ४३ दिवस निघून जातात आणि त्या काळात न येणारे सूत्र जेमतेम दोनदा डोळ्यांसमोर येते. त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झाले होते.

स्वतःची स्थिती तपासण्यासाठी, उजळणी चालू असताना मेनूतून 'कार्ड इन्फो' उघडा. त्या कार्डाला आजवर दिलेले प्रत्येक उत्तर तिथे तारखेसह दिसते. दहा अवघड कार्डे अशी तपासलीत की आपण कुठे स्वतःची फसवणूक करतो ते कळते.

३. जेश्चर चालू करणे

सुरुवातीला जेश्चर बंद असतात. ते असे चालू करा (आवृत्तीनुसार मांडणीत थोडा फरक असू शकतो) :

१. सेटिंग्जमध्ये 'कंट्रोल्स' उघडा आणि जेश्चरचा स्विच चालू करा.
२. खाली आज्ञांची यादी दिसेल : उत्तर दाखवा, अगेन, हार्ड, गुड, ईझी, अनडू, मार्क, बरी, सस्पेंड, रंगीत फ्लॅग इत्यादी. हवी ती आज्ञा निवडा.
३. 'जेश्चर जोडा' हा पर्याय घ्या आणि स्वाइप किंवा टॅप निवडा. इथेच फोनचे किंवा ब्लूटूथ कीबोर्डचे बटणही जोडता येते.
४. ही खूण प्रश्नाच्या बाजूला चालावी, उत्तराच्या बाजूला की दोन्हीकडे, असे विचारले जाते. हा प्रश्न घाईत ओलांडू नका. त्याचे कारण पुढे येते.

'नऊ-बिंदू स्पर्श' चालू केल्यास पडदा तीन बाय तीन अशा नऊ चौकटींत विभागला जातो आणि प्रत्येक चौकटीच्या टॅपला वेगळी आज्ञा देता येते. एका आज्ञेला अनेक खुणा चालतात. मात्र एकच खूण दोन आज्ञांना देऊ नका.

४. कोणती खूण कशाला द्यावी?

चार नियम पाळा.

नियम १ : 'अगेन' सर्वांत सोपे हवे. "विसरलो" हे सांगायला अंगठा लांब न्यावा लागला, तर थकल्यावर आपण ते सांगतच नाही. सुरुवातीला 'अगेन' आणि 'गुड' या दोनच खुणा ठेवा. 'हार्ड' आणि 'ईझी' यांना खूण न देताही काम उत्तम चालते.

नियम २ : उत्तराच्या खुणा उत्तराच्याच बाजूला. मी स्वतः सुरुवातीला 'गुड'ला टॅप दिला होता आणि तो दोन्ही बाजूंना चालू ठेवला होता. अशा वेळी पहिला टॅप उत्तर उघडतो आणि दुसरा 'गुड' नोंदवतो. नोएडाहून दिल्लीकडे जाताना मेट्रोच्या ब्लू लाइनवर सकाळी काय गर्दी असते ते इकडच्या वाचकांना ठाऊक आहे. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन. धक्क्याधक्क्यात अंगठा पडद्यावर टेकत राहिला आणि न वाचलेली कार्डे 'आठवली' म्हणून पुढे गेली. तेव्हापासून उत्तर दाखवायला टॅप आणि उत्तर नोंदवायला स्वाइप, अशी विभागणी मी केली आहे.

नियम ३ : 'अनडू' हाताशी हवे. चूक होणारच. ती लगेच मागे घेता आली पाहिजे. 'अनडू' अनेक पावले मागे नेऊ शकते, म्हणून चूक लक्षात येताच थांबा आणि मागे जा.

नियम ४ : 'डिलीट'ला खूण नको. 'बरी' कार्डाला उद्यापर्यंत बाजूला ठेवते. 'सस्पेंड' तुम्ही परत बोलावेपर्यंत. दोन्ही परत आणता येतात. नको वाटलेल्या कार्डासाठी तेवढे पुरे.

एका हाताने वापरण्यासाठी सुचवलेली मांडणी :

- मध्यभागी टॅप (फक्त प्रश्नाची बाजू) : उत्तर दाखवा
- डावीकडे स्वाइप (फक्त उत्तराची बाजू) : अगेन
- उजवीकडे स्वाइप (फक्त उत्तराची बाजू) : गुड
- दोनदा टॅप (दोन्ही बाजू) : अनडू
- दीर्घ स्पर्श (दोन्ही बाजू) : लाल फ्लॅग, म्हणजे "घरी गेल्यावर हे कार्ड सुधार"

५. नेहमीच्या अडचणी

स्वाइप केला की अ‍ॅप मागे जाते. अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या कडेवरून आत केलेला स्वाइप म्हणजे 'बॅक' असा अर्थ फोन स्वतःच घेऊ शकतो. स्वाइप कडेवरून न करता मध्यातून सुरू करा. तरीही त्रास झाला तर फोनच्या सेटिंग्जमध्ये तीन बटणांची पद्धत निवडा.

लांब कार्डावर वर-खाली स्वाइप नीट चालत नाही. कारण तीच हालचाल कार्ड सरकवण्यासाठी लागते. म्हणून वरच्या मांडणीत उभे स्वाइप घेतलेले नाहीत. शिवाय कार्ड इतके लांब असेल, तर त्याचे दोन-तीन तुकडे करायला हवेत, असाही त्याचा अर्थ आहे.

व्हाइटबोर्ड चालू असताना स्वाइपची रेघ होते. सर्किट किंवा सिद्धता बोटाने काढून पाहण्यासाठी व्हाइटबोर्ड फार उपयोगी आहे. त्या वेळी उत्तरासाठी पडद्यावरची नेहमीची बटणे वापरा.

हातमोजे. जानेवारीत सकाळी इकडे लोकरीचे मोजे काढवत नाहीत आणि पडदा त्यांना दाद देत नाही. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांना 'अगेन' आणि 'गुड' दिले की काम होते.

खूण जास्तच हळवी वाटते. 'स्वाइप सेन्सिटिव्हिटी' कमी करून पाहा.

६. प्रगत सेटिंग्ज

रोजची मर्यादा. डेकच्या पर्यायांत मूळ आकडे रोज २० नवी कार्डे आणि २०० उजळण्या असे असतात. हे प्रमाण १ : १० चे आहे आणि ते सांभाळावे. परीक्षेच्या आधी नवी कार्डे ६० केलीत, तर काही आठवड्यांनी उजळणीचा डोंगर उभा राहतो. तो उजळण्यांची मर्यादा घटवून सुटत नाही. नवी कार्डे थांबवून सुटतो.

पुढचा दिवस कधी सुरू होतो. मूळ वेळ पहाटे ४ ची आहे, मध्यरात्रीची नाही. रात्री १ वाजता अभ्यास करणाऱ्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याची कार्डे त्यामुळे त्याच दिवसात मोजली जातात. पहाटे ४ वाजता उठून अभ्यास करत असाल तर ही वेळ २ किंवा ३ करा.

एफएसआरएस. ही वेळापत्रकाची नवी पद्धत अँकीत २०२३ साली आली. यात तुम्ही 'अपेक्षित स्मरण' ठरवता. मूळ मूल्य ०.९०, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता ९० टक्के असावी. ०.९७ केल्यास स्मरण थोडे वाढते, उजळण्या मात्र पुष्कळ वाढतात. 'ऑप्टिमाइझ' केल्यावर ही पद्धत तुमच्या जुन्या उत्तरांवरून तुमच्यासाठीची गुणांके काढते. म्हणूनच 'हार्ड'चा गैरवापर इथे अधिक महाग पडतो : आजचे एक कार्ड चुकते एवढेच नाही, तर पुढच्या सगळ्या कार्डांचा अंदाज बिघडतो. आधी खुणा दुरुस्त करा, मग एफएसआरएस चालू करा.

लीच. पाठ झालेले कार्ड पुन्हा विसरण्याची पाळी ८ वेळा आली की अ‍ॅप त्याला 'लीच' ठरवते. असे कार्ड घोकू नका, नव्याने लिहा. बहुधा एकाच कार्डात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात.

७. माहितीची सुरक्षितता

डेकचे पर्याय आणि उजळणीचा इतिहास अँकीवेबशी सिंक होतात; जेश्चरच्या नेमणुका होत नाहीत. त्या फोनपुरत्या असतात. नवा फोन घेण्यापूर्वी त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा.

अ‍ॅप काढून टाकण्यापूर्वी सिंक किंवा निर्यात करा, नाहीतर फोनवरची कार्डेही जाऊ शकतात. "अपलोड की डाउनलोड?" असा प्रश्न समोर आला तर घाई करू नका. अपलोडने सर्व्हरवरची प्रत पुसली जाते, डाउनलोडने फोनवरची. नवी प्रत कुठे आहे याची खात्री करूनच निवडा.

८. सारांश

त्या विद्यार्थिनीने केलेला बदल एकच होता : डावीकडच्या स्वाइपला 'हार्ड'ऐवजी 'अगेन'. पहिल्या आठवड्यात तिला रोज जास्त वेळ लागला आणि ती वैतागली. कारण जे येत नव्हते ते आता रोज समोर येऊ लागले होते. पण ते आधीही येत नव्हतेच, फक्त दिसत नव्हते. सत्राच्या अखेरीस तिची तक्रार बदलली. आता तिला सूत्रे आठवत होती, ती कुठे लावायची हे कळत नव्हते. त्यावरचा उपाय अ‍ॅपमध्ये नाही. त्यासाठी गणिते सोडवावी लागतात.

स्वाध्याय

१. एका कार्डाचे अंतर २० दिवस आणि गुणक २.५ आहे. चारही बटणांसाठी पुढचे अंतर काढा.
२. 'कार्ड इन्फो' उघडून तुमची १० अवघड कार्डे तपासा. खरे तर 'अगेन' हवे असताना 'हार्ड' किती वेळा दिलेत?
३. डाव्या हाताने फोन धरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पाच खुणांची मांडणी सुचवा आणि प्रत्येक निवडीचे कारण एका वाक्यात लिहा.